अळ्यांचा पांजरपोळ

भाभी, तुमच्या महिला मंडळाने माझ्याकडे लेख मागितला आहे. तुमच्या स्मरणार्थ पुस्तिका निघणार आहे, गुळगुळीत कागदावर, मुखपृष्ठावर तुमचा तो शाल पांघरलेला फोटो. शेजारी या नात्याने मी दोन पानं लिहावीत, असं ठरलं. मंडळाच्या सेक्रेटरी बाई स्वतः घरी आल्या आणि माझी अडचण होऊ नये म्हणून विशेषणं सोबतच घेऊन आल्या. धर्मपरायण, मृदुभाषी, सेवाभावी, सदाप्रसन्न. तो कागद माझ्या टेबलावर पेपरवेटखाली आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात जन्म गेल्यामुळे लिहिलेला कागद मला टाकता येत नाही, एवढंच त्याचं भाग्य.

मृदुभाषी! टँकरवाल्याने पाइप तुमच्या शेवंतीवरून ओढला, त्या दिवशी सेक्रेटरी बाई गल्लीत असायला हव्या होत्या. "अरे, डोळे आहेत का बटणं लावलीत? माणसाच्या अंगावरून नेशील का असा पाइप?" तो पोरगेला माणूस घाबरून म्हणाला, "चाची, झाड आहे ते." तुम्ही म्हणालात, "मंग? झाड आहे तर काय झालं?" त्यानंतर तो जितक्या वेळा आमच्या गल्लीत आला, तितक्या वेळा पाइप खांद्यावर उचलून, फणा धरल्यासारखा घेऊन जायचा. आणि सदाप्रसन्न म्हणाल तर, माव्याची कीड पडलेल्या गुलाबाजवळ उभ्या असताना तुमचा चेहरा सेक्रेटरी बाईंनी बहुधा पाहिलेला नाही.

पुस्तिकेसाठी म्हणून मी जे लिहायला बसलो, ते हे आहे. ते छापतील असं वाटत नाही. पण तीन वर्षं मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली, आणि ती आधी मंडळाला कळावी हे बरं दिसत नाही. म्हणून तुम्हालाच लिहितो.

आपल्या ओळखीची सुरुवात माझ्या अपमानाने झाली होती, आठवतं? मी नुकता रिटायर झालो होतो आणि बागकामावरची चार पुस्तकं वाचून मैदानात उतरलो होतो. ती पुस्तकं ग्रंथालयात कोणी कधी नेली नव्हती, काही पानं तर अजून एकमेकांना चिकटलेली. त्यात लिहिल्याप्रमाणे मी दोरी बांधून, पट्टीने अंतर मोजून मेथी पेरत होतो. तुम्ही भिंतीपलीकडून बराच वेळ बघत होतात. शेवटी तुम्हाला राहवलं नाही. "सर, मेथीला काय परीक्षेला बसवून राह्यले का?"

तुम्ही मूठभर दाणे नुसते फेकले होते. तुमची मेथी गालिच्यासारखी आली. माझी रांगेत, एकेक, एकमेकींकडे न बघता उभी राहिली आणि तशीच वाळली. त्या दिवसापासून पुस्तकं कपाटात गेली आणि मी भिंतीवर कोपर टेकून शिकायला लागलो.

ती कमरेएवढी भिंत हीच आपली खरी बैठक. तिच्या मागच्या टोकाला विटा ढासळून एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट पडली होती. ती बुजवायची म्हणून तुमचे यजमान पारसजी दरवर्षी गवंडी सांगायचे आणि दरवर्षी तो गवंडी दुसरीकडे जायचा. तुमच्या बाजूला, जैन घराच्या रिवाजाने, जमिनीखाली वाढणारं काहीच नव्हतं. कांदा, लसूण, बटाटा, मुळा, गाजर, सगळं माझ्याकडे. तुमच्याकडे जमिनीवरचं: गिलकी, वाल, भेंडी, टोमॅटो, पालक, आणि त्यांच्या मधेमधे गुलाब, शेवंती, झेंडू, जास्वंद. फुलांचा वाफा वेगळा आणि भाजीचा वेगळा असा भेदभाव तुम्ही केला नाहीत. "भाजीला पण जरा बघायला काहीतरी पाहिजे ना," म्हणायचात.

मी मुळा उपटला की तुम्ही हळहळायचात. एकदा मी चिडून विचारलं होतं, "आणि तुम्ही कोबी कापता, तेव्हा ती काय हसत हसत येते?"

"इकडं या. दाखवते."

मी फटीतून आडवा होऊन आलो. आठ दिवसांपूर्वी गड्डा कापून नेलेला एक बुडखा तुम्ही दाखवलात. त्याला चारी बाजूंनी बोराएवढे हिरवे कोंब आले होते. "मी फक्त डोकं नेलं," तुम्ही म्हणालात. "जीव इथंच आहे. तुमच्या मुळ्याचं सांगा, काय राह्यलं त्याचं?"

मी म्हणालो, डोकं गेल्यावर बाकीचं व्यवस्थित चालू राहतं, हे मी आपल्या बऱ्याच संस्थांमध्ये पाहिलं आहे. तुम्ही हसला नाहीत. वाद चालू असताना विनोद करणं ही तुमच्या मते पळवाट होती. बरोबरच होतं ते. मुळ्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

उन्हाळ्यात आपण दोघं नळाच्या भरवशावर जगायचो. पाणी कधी येईल याचा अंदाज हवामान खात्यालाही नसतो, तुम्हाला असायचा. मी अजून चहाच पीत असायचो आणि पलीकडून हाक यायची, "सर, आलं!" मग तासभर दोन्ही घरांत बादल्यांची पळापळ. एरवी डाळ-तांदूळ धुतल्याचं पाणी, भाज्या धुतल्याचं पाणी, सगळं तुम्ही एका पातेल्यात साठवायचात आणि संध्याकाळी वाटीवाटीने वाटायचात. मोगऱ्याला दोन वाट्या, जास्वंदीला तीन, पाहुण्याला पंगतीत वाढावं तसं, नाव घेऊन. मे महिन्यात आपल्याकडची जमीन भाजून निघते, बोगनवेलीखेरीज सगळे माना टाकतात, तेव्हा तुमच्या मोगऱ्याला कळ्या असायच्या. आमच्या बाजूला वास फुकट यायचा.

आणि श्रावण-भाद्रपदातली ती गिलकी. वेल भिंत ओलांडून आमच्याकडे उतरलेला, गिलकी ओळीने लोंबताहेत, आणि नेमकं तुमचं पर्युषण लागायचं. आठ दिवस तुमच्या घरात हिरवं काही शिजायचं नाही आणि बागेतलं काही तोडलं जायचं नाही. माझी बायको, शैला, पिशवी घेऊन भिंतीशी उभी.

"भाभी, तोडू का हो? जून होऊन राह्यली."

"मला नका विचारू." तुम्ही दोन्ही हात वर करायचात. "आपण करायचं न्हाई, दुसऱ्याकडून करवायचं न्हाई, कोणी केलं तर चांगलं झालं असं म्हणायचं पण न्हाई. तिन्ही बराबर."

"मग आम्ही करायचं तरी काय?"

"मला आत काम आहे," म्हणून तुम्ही आत निघून जायचात आणि दार लावायचात. शैला हसत हसत पिशवी भरायची. जी हाताला लागायची नाहीत, ती वेलावरच वाळायची आणि दिवाळीच्या आत अख्ख्या कॉलनीला अंग घासायला तुमच्या पर्युषणाची जाळीदार गिलकी मिळायची.

आता त्या कोपऱ्याकडे येतो.

कोबी तुमच्यात बरेच जण खात नाहीत, पानापानात जीव असतो म्हणून. तुमच्या सासूबाई होत्या तोवर ती तुमच्याही घरात आली नव्हती. पण पारसजींना ती फार आवडायची, लग्नाकार्यात बाहेर खाऊन यायचे, आणि ते तुम्हाला आवडायचं नाही. म्हणून तुम्ही ती स्वतः लावायला लागलात. डोळ्यांसमोर वाढलेली, एकेक पान सोलून, खिडकीच्या उजेडात धरून बघितलेली. कोबीची भाजी करायला तुम्हाला दोन तास लागायचे, त्यातला पाऊण तास उजेडात.

आणि कोबीवर अळ्या पडणारच. हिरव्या, पानाच्या शिरेसारख्या, शिरेलाच चिकटून. तुम्ही रोज सकाळी रंगकामाचा एक मऊ ब्रश आणि डब्याचं झाकण घेऊन निघायचात. अळी ब्रशने अलगद झाकणात, आणि झाकण मागच्या कोपऱ्यातल्या वाफ्यात रिकामं. त्या वाफ्यात तुम्ही मोहरी पेरायचात, खास त्यांच्यासाठी. त्या वाफ्याला पांजरपोळ हे नाव मी ठेवलं. म्हाताऱ्या, भाकड गाई सांभाळायला तुमचा समाज पैसा देतोच, आता अळ्यांचीही सोय झाली, असं मी म्हणालो होतो. मला वाटलं होतं तुम्हाला राग येईल. तुम्हाला नाव आवडलं. दुसऱ्या दिवशी तुम्हीच हाक मारलीत, "सर, पांजरपोळ फुल्ल झाला हो!"

कोबीभोवती मोहरी लावा, असं शेतीचे जाणकारही सांगतात, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. अळ्या मोहरीकडे ओढल्या जातात, हे खरंच आहे. फक्त ते लोक त्या मोहरीवर फवारणी करायला सांगतात, आणि तुम्ही तिला पाणी घालायचात.

तीन हिवाळ्यांपूर्वी पांजरपोळ पुरला नाही. ढगाळ आठवडा आला आणि तुमच्या सगळ्या कोबीच्या पानांची चाळणी झाली. तुम्ही सकाळी दोन तास, दुपारी दोन तास ब्रश घेऊन बसायचात. बोटं आखडायची. एका सकाळी मी भिंतीशी आलो तर तुम्ही वाफ्याच्या कडेला विटेवर बसलेल्या होतात. तुम्हाला बागेत बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मांडीवर झाकण, झाकणात अळ्या, आणि तुम्ही नुसत्या बघत होतात.

"सर, पुढच्या साली मी कोबी लावत न्हाई."

"असं कसं?"

"मारणं माझ्याने होत न्हाई. आन् हे बघणं पण होत न्हाई. मंग राह्यलंच काय?"

दुसऱ्या खेपेची रोपं तुमच्याकडे पिशव्यांत तयार होती. ती तुम्ही भिंतीवरून माझ्याकडे दिलीत. "तुमच्याकडे लावा." मी ती रात्रभर ठेवली आणि सकाळी परत आणून दिली. सांगितलं, माझ्याकडे जागा नाही. जागा होती, भाभी. मुळ्यांची एक ओळ मी त्याच दिवशी काढून टाकली होती. तुम्ही कुरकुरत ती रोपं लावलीत. "ही शेवटची," म्हणालात.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा मारल्या.

तुमचं जेवण दिवस मावळायच्या आत व्हायचं आणि मग तुम्ही प्रतिक्रमणाला जैन स्थानकात जायचात, पारसजी दुकानात असायचे. अंगणातलं फाटक वाजलं की मी साबणाच्या पाण्याचा डबा आणि शैलाचा चिमटा घेऊन फटीतून आत यायचो. अर्धा तास पुरायचा. आधी कोबी, मग पांजरपोळ. तुम्ही तिकडे दिवसभरात आपल्या हातून नकळत गेलेल्या जिवांची क्षमा मागत होतात आणि मी इकडे, सगळं कळत असताना, त्यांची संख्या वाढवत होतो. पांजरपोळात रोज पाच-सहा शिल्लक ठेवायचो, हजेरीपुरत्या. तुम्हाला संशय येऊ नये म्हणून. एवढी काळजी मी नोकरीतही घेतली नव्हती.

मी स्वतःला कारण दिलं होतं. भिंत माणसांना दिसते, अळ्यांना दिसत नाही. तुमच्या पांजरपोळातली गर्दी उद्या मीही माझ्या बाजूला लावलेल्या चार कोबींवर येणार. म्हणजे हे मी माझ्या बागेसाठी करतो आहे. कारण पटण्यासारखं होतं आणि मला लगेच पटलं.

शैलाला पटलं नाही. मी परत आलो की ती दारातच विचारायची, "झाली का कत्तल? हात धुवा आधी." आणि एकदा भाकरी थापता थापता, "सांगून टाका ना त्यांना."

"काय सांगू?"

"जे करून राह्यले ते. तोंड आहे ना? की ते फक्त लोकांच्या चुका काढायला?"

नाही सांगितलं. कारण तोवर तुमची कोबी आली होती. गड्डे घट्ट, पांढुरके, एका पानाला भोक नाही. पारसजी त्या वर्षी दुकानातून दुपारी जेवायला घरी यायला लागले. तुम्ही पान उजेडात धरून मला दाखवलंत. "बघा सर. सबुरी ठेवली की जीव पण ऐकतात." तुमच्या चेहऱ्यावर जे होतं, त्याच्यासमोर खरं बोलणं ही मला शिक्षा वाटली, आणि ती कोणाला, हे ठरवता आलं नाही. पुढच्या दिवाळीला तुम्ही पुन्हा रोपं आणलीत. मी पुन्हा डबा भरला.

मग बायका बघायला यायला लागल्या. औषध नाही, फवारणी नाही, एक जीव मारलेला नाही आणि कोबी अशी! मंडळाने तुमचा सत्कार ठरवला. हॉलमध्ये मोठं बॅनर, त्यावर "अहिंसक परसबाग". पाहुणे दीड तास उशिरा आले आणि त्यांनी पाऊण तास स्वतःबद्दल सांगितलं. बागवाल्या बाईला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, परगावाहून मागवलेल्या फुलांचा गुच्छ दिला. पण कळस म्हणजे त्या गुलाबपाकळ्या. चार मुली दोन्ही बाजूंना उभ्या राहून तुमच्यावर पाकळ्या उधळत होत्या, आणि तुम्ही, ज्यांनी देवालासुद्धा कधी फूल तोडून वाहिलं नाही, मान ताठ ठेवून चालत होतात. माझ्या शेजारी येऊन बसलात आणि हळूच म्हणालात, "सर, हा लाल माझा आहे. सकाळी सात फुलं होती." मुली सकाळी तुमच्याच बागेतून तोडून घेऊन गेल्या होत्या. न विचारता, कारण तुम्हाला सरप्राइज द्यायचं होतं.

मग मला बोलायला उभं केलं. समारंभांची मी जन्मभर टिंगल केली. त्या दिवशी कळलं की अशा स्टेजवर खरं बोलता येत नाही, ते लोक खोटे असतात म्हणून नाही, तर पहिल्या रांगेत आपल्याला आवडणारं कोणी बसलेलं असतं म्हणून. मी पाच मिनिटं तुमच्या सबुरीबद्दल बोललो. टाळ्या पडल्या.

परत येताना रिक्षात तुम्ही विचारलंत, "सर, एक सांगा. सकाळी मी पन्नास सोडते पांजरपोळात, दुसऱ्या दिवशी पाच असतात. जातात कुठं?"

शैलाने रिक्षाबाहेर बघायला सुरुवात केली.

"साळुंख्या," मी म्हणालो. "संध्याकाळच्या फार येतात."

"हां." तुम्ही विचार केलात. "त्यांना पण पोट आहे ना."

दुसऱ्या दिवशी त्या कोपऱ्यात एक मातीचं भांडं दिसलं, पाण्याने भरलेलं. साळुंख्यांसाठी.

त्यानंतर मी तुमच्याच नियमाचा आधार शोधला. करणं, करवणं, चांगलं झालं म्हणणं, तिन्ही बराबर. म्हणजे तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही गप्प राहिलात, तर तुम्हीही त्यात येणार. न सांगितलं तर तुम्ही बाहेर. माझं मौन म्हणजे तुमच्या धर्माची सेवाच की! सेक्रेटरी बाईंच्या यादीतलं सेवाभावी हे विशेषण खरं तर मला लागू होतं.

यंदाच्या संवत्सरीला, पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, तुम्ही दरवर्षीप्रमाणे भिंतीशी आलात. आठ दिवसांच्या उपासाने आवाज बारीक झालेला. हात जोडलेत. "सालभरात काही बोलले असेन, मन दुखावलं असेल, तर मिच्छामि दुक्कडम्."

मी दरवर्षी म्हणायचो तेच म्हणालो, "भाभी, आधी मन दुखवायला शिका, मग माफी मागा."

तुम्ही हात खाली घेतले नाहीत. "तुमी पण एकदा म्हणून बघा ना, सर. जीभ झडत न्हाई."

सांगायची वेळ होती ती. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, खरंच आलं होतं. पण तुम्ही उपासाने थकलेल्या होतात, पर्युषणासाठी आलेली तुमची सूनबाई मागे पाण्याचा पेला घेऊन उभी होती, आणि मला नेहमीप्रमाणे विनोद सुचला. "पुढच्या वर्षी बघू. एकदम पाच वर्षांची मागतो, ठोक भावात."

तुम्ही हसलात. तेव्हा मात्र हसलात.

आज तो शब्द म्हणायला मला कोणी अडवलेलं नाही. पण भिंतीपलीकडे कोणी नसताना तो म्हणणं म्हणजे पुन्हा भाषणच.

दिवाळी झाली, तुम्ही रोपं लावलीत, मोहरी पेरलीत आणि त्याच आठवड्यात दवाखान्यात गेलात. मी फोन केला तेव्हा धाप लागत होती. तब्येतीबद्दल तुम्ही मला बोलू दिलं नाहीत. "मोहरी उगवली का?" मी न बघताच म्हणालो, उगवली. फोन ठेवून जाऊन पाहिलं, तर नव्हती उगवली. ती चार दिवसांनी उगवली. तेव्हा तुमच्या अंगणात पांढऱ्या कपड्यांतली माणसं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलेली होती, आणि त्यांतल्या एकाने चपला त्या वाफ्यात काढून ठेवल्या होत्या. मी त्या उचलून बाजूला ठेवल्या. त्या दिवशी माझ्या हातून झालेलं ते एकच काम.

तुम्हाला सगळं माहीत होतं, असं मी इथे लिहावं, हे फार सोपं आहे. गिलक्यांच्या वेळी तुम्ही आत जाऊन दार लावायचात, तसंच रोज संध्याकाळी फाटक जरा जोरात वाजवून मला वेळ देऊन जात होतात, असं. पुष्कळ गोष्टी अशा संपतात आणि वाचणाऱ्याला बरं वाटतं. मलाही वाटेल. पण गिलकं वेगळं आणि जीव वेगळा, हे तुमच्याइतकं कोणाला कळत होतं? तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही तासाभरात भिंतीशी आला असतात, मला एक अक्षर न बोलता तीन दिवस अन्न सोडलं असतंत आणि ते मला बघावं लागलं असतं. साळुंख्यांसाठी पाणी ठेवणाऱ्या बाईने नाटक केलं असेल, हे मी मानत नाही. मला ते मानायला आवडलं असतं.

महिनाभराने पारसजींनी मला बोलावलं. हातात बागेचा पाइप होता. जन्मभर पाइपांचं दुकान चालवलेला माणूस, पण तो पाइप त्यांनी परक्याच्या मुलासारखा धरला होता. "सर, तुम्हीच बघा हे. मला पाइपातलं पाणी कळतं, झाडातलं न्हाई." मी घेतला.

पहिल्या संध्याकाळी सवयीने डबा भरला आणि फटीतून आलो. कोबीवर अळ्या होत्याच. कोणी स्थानकात गेलेलं नव्हतं, कोणी परत येणार नव्हतं, घाई नव्हती. चिमटा पानापर्यंत नेला आणि तिथेच थांबलो. मग डबा मोरीत ओतला आणि सकाळी तुमच्या खिडकीतला ब्रश आणि झाकण शोधून काढलं.

तेव्हापासून मी वाहतो आहे, भाभी. रोज, ब्रशने, झाकणातून, पांजरपोळात. मला तुमच्यासारखं जमत नाही, निम्म्या खाली पडतात, मग चष्मा लावून मातीत शोधाव्या लागतात. आणि मला हे सांगायला हवं की तुमची पद्धत चालत नाही. पांजरपोळातली मोहरी देठांपुरती उरली आहे, सगळी मंडळी परत कोबीवर आली आहेत आणि गड्डे धरायच्या आधीच पानांची चाळणी झाली आहे. सबुरी भरपूर ठेवून पाहिली. जीव ऐकत नाहीत. इतक्या वर्षांचा आपला वाद मी जिंकलो आहे, आणि हे ज्यांना ऐकवायचं त्या नेमक्या नाहीत.

परवा पारसजी वाफ्याशी आले. एक पान उचललं, तुम्ही धरायचात तसं उजेडात धरलं. भोकांतून ऊन त्यांच्या तोंडावर पडलं.

"ती असताना एक भोक नव्हतं, सर. तिचा हात फिरायचा ना. मंडळवाल्या पण तेच लिहून राह्यल्या, तिच्या दयेमुळं अळ्या पण—"

"पारसजी," मी म्हणालो, "अळ्या मी मारत होतो."

सगळं सांगितलं. डबा, चिमटा, स्थानक, साळुंख्या. ते पान हातात धरून ऐकत होते.

"तिला माहीत होतं?"

"नाही."

"पक्कं?"

"पक्कं कसं सांगू?"

त्यांनी ते पान परत झाडाजवळ ठेवलं, जणू ते पुन्हा जोडलं जाणार होतं. मला वाटलं आता पाइप परत मागतील. ते म्हणाले, "मी तीन साल ती कोबी खाल्ली." मग अगदी साध्या आवाजात, दुकानात एखाद्या वस्तूबद्दल विचारावं तसं, "मंग आता का न्हाई मारत?"

मी वाकून मातीत पडलेली एक अळी ब्रशवर घेतली. ते आत गेले.

पुस्तिकेसाठी लेख द्यायची मुदत संपत आली आहे. हा लेख मी आधी पारसजींना दाखवणार आहे, म्हणजे त्यांना त्यांचं उत्तर मिळेल. तीन वर्षं मी स्वतःला सांगत आलो की माझ्या कोबीसाठी मारतो. माझी कोबी यंदाही आहे, भिंतीच्या या बाजूला. तिचीही पानं गेली, आणि मी तिच्यावरच्या एकाही अळीला चिमटा लावलेला नाही. तेव्हा ते कारण खोटं होतं. तुम्ही त्या विटेवर बसून म्हणाला होतात की पुढच्या साली लावत नाही, ते मला सहन झालं नव्हतं. पुढच्या दिवाळीलाही तुम्ही पदर खोचून त्या वाफ्यात वाकलेल्या दिसाव्यात, रोपं लावताना मला काहीबाही बोलावं, एवढ्यासाठी मी मारत होतो.

आता कोणासाठी मारू?